धाकटीला उणे कळत नाही

रेफ्रीचा मोजा मशीनमधून बाहेर यायला लागला तेव्हा आम्ही चहा पीत होतो. चहा संपला तरी मोजा येतच होता. तो मशीनवरून जमिनीवर उतरला, टेबलाखालून गेला आणि मावशीच्या खुर्चीला वळसा घालून दाराशी पोचला. तिथे दादाने मशीन बंद केलं, नाहीतर तो बहुधा रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला असता.

मावशीने मोज्याचं एक टोक उचललं, दुसरं टोक कुठे आहे ते मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "रेफ्रीसाहेबांना पाय बसवायचाय की अजगराला स्वेटर घालायचाय?"

"नवीन मशीन आहे, आई," दादा म्हणाला. "होईल सवय."

"कुणाला? अजगराला?"

मावशीचं विणकामाचं वर्कशॉप आहे. कृत्रिम पाय लावणाऱ्या माणसाला आधी उरलेल्या पायावर एक मोजा चढवावा लागतो आणि मग त्यावर तो पाय. हे मोजे आम्ही ज्याच्या त्याच्या मापाने विणतो. मोजा नीट बसला तर माणूस त्याला विसरून जातो. नाही बसला तर त्याला सुरकुती पडते, सुरकुतीने कातडं सोलवटतं, आणि मग माणसाला दुसरं काही आठवतच नाही.

आमच्याकडे तीन मशीन आहेत. मावशीला एकच मुलगा, दादा, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे एवढ्याने भागलं नाही, म्हणून तिने मशीनना मुलींसारखी नावं ठेवली. थोरली हे जुनं विणायचं मशीन, पोटात जुना कॉम्प्युटर असलेलं. मधली म्हणजे ऑफिसातला कॉम्प्युटर. ती विणत नाही, तिच्यावर काका, म्हणजे मावशीचे यजमान, माप भरतात आणि मोजा कसा दिसेल ते बघतात. धाकटी हे नवं मशीन. तिघींवर चालणारा प्रोग्रॅम एकच. तो पूर्वी काकांनी लिहिला आणि आता माझ्या गळ्यात आहे, कारण मी नक्की काय शिकले याचा घरात कुणालाच पत्ता लागलेला नव्हता.

थोरलीचा सुयांचा पट्टा मोडला होता. नवा पट्टा बोटीतून येतोय असं बोटवाले सांगत. बोट कुठे आहे हे मात्र ते सांगत नसत. म्हणून रेफ्रीचा मोजा धाकटीवर लावला, आणि तो दारापर्यंत गेला.

रेफ्री तेवढ्यात आलाच. एका रस्त्यावरच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मैदानावर नाही, हे तो प्रत्येकाला आवर्जून सांगतो, कारण लोकांना वाटतं एखाद्या संघानेच तोडला. आता उरलेला पाय थोडा आटला होता, जुने मोजे सैल झाले होते, आणि रविवारी सकाळी त्याला समितीसमोर पळून दाखवायचं होतं. जमलं तर दुपारचा सामना त्याचा. नाही जमलं तर समितीने त्याच्यासाठी कायमची जागा शोधून ठेवली होती: गुणफलकाशेजारी, सावलीत, खुर्चीवर.

"गादीसकट," रेफ्री म्हणाला. हा शब्द त्याने असा उच्चारला की आम्ही सगळ्यांनी क्षणभर खाली बघितलं. मग त्याने खालचा मोजा पाहिला. "हा कुणाचा?"

"तुमचाच," मावशी म्हणाली. "थोडा उसवायचाय."

दादाचं म्हणणं, कापून शिवून टाकू. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कात्री स्वतःच खिशात ठेवली. शिवण आली की कातडं सोलवटलंच.

"शनिवारी दुपारपर्यंत मोजा मशीनमधून उतरला पाहिजे," मावशी मला म्हणाली. "शहाणे, काय ते बघ. नाहीतर मी मशीनच्या कंपनीचा तयार प्रोग्रॅम घेते, आणि तू बटणं लाव."

"मोज्यांना बटणं नसतात, मावशी."

"तेच म्हणतेय."

कंपनीच्या तयार प्रोग्रॅममध्ये तीन मापं होती: लहान, मध्यम आणि मोठं. रेफ्रीचा पाय यातलं काहीच नव्हता. मी बाह्या सारल्या आणि धाकटीसमोर बसले.

आता थोडं समजून घ्या, पुढे मी परत सांगणार नाही. प्रोग्रॅम आपण लिहितो तो माणसांना जेमतेम कळेल अशा भाषेत. प्रत्येक मशीनजवळ एक कंपायलर असतो, तो त्याचं मशीनच्या भाषेत करून देतो. त्याला काम देताना सोबत सूचना द्यायच्या असतात, त्यांना ऑप्शन म्हणतात. भराभर कर. जपून कर. शंका आली तर विचार. शंका आली तरी तोंड उघडू नकोस. अडचण एवढीच की आमच्या तिघींचे कंपायलर तीन वेगळ्या घरांतून आलेले. एकीला जी सूचना म्हणजे मायेचा शब्द, ती दुसरीला शिवी.

यावर काकांची एक रीत होती. एका फाइलीत थोरलीच्या ऑप्शनची एक ओळ, मधलीची दुसरी. जिच्यावर काम करायचं तिची ओळ उघडी ठेवायची आणि दुसरीच्या तोंडावर एक खूण टाकायची, की ती झाकली जाते. काका रोज सकाळी ही उघड, ती झाक करायचे, खिडक्यांसारखं. धाकटी आली तेव्हा दादाने थोरलीची ओळ जशीच्या तशी उचलून तिला दिली. थोरलीचे उतरलेले कपडे धाकटीला, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

"जशीच्या तशी चालली?" मी विचारलं.

"नाही, अडत होती," दादा म्हणाला. "मग ज्या शब्दावर अडली तो शब्द काढला. परत अडली, परत काढला."

"कुठपर्यंत?"

"गप्प बसेपर्यंत."

मी ओळ उघडून पाहिली. बहुतेक सगळं झडलं होतं. शेवटी एक शब्द तेवढा टिकून होता: कुठलीही वॉर्निंग दाखवू नकोस.

"काका, हे कुणी घातलं?"

"मी," काका म्हणाले. "थोरलीसाठी. फार बडबड करायची. कामात लक्ष लागेना."

"अहो, मग मला का नाही लावलात तो ऑप्शन?" मावशी म्हणाली.

"तुझ्यावर चालत नाही. मी लावून बघितलाय."

मी तो शब्द काढला आणि धाकटीला बोलू दिलं. बिचारी आल्यापासून गप्प होती. आता तिने पडदाभर बोलायला सुरुवात केली, आणि एक पडदा भरला की दुसरा. इथे एक नाव ठेवलंय पण वापरलं नाही. तिथे कंस उगीच घातलाय. काकांच्या जुन्या भागावर तर तिने नवी सून करते तशी टीका केली. मी सगळं वाचलं. कंटाळा आला, तरी वाचलं. आणि त्या गर्दीत, उगाचच्या कंसाखाली, ती शांतपणे म्हणत होती: ही अट कधीच खरी होणार नाही.

अट अशी होती की ओळींचा फरक शून्यापेक्षा कमी असेल तर तेवढ्या ओळी कमी विण.

आमचा मोजा टप्प्याटप्प्याने विणला जातो, आणि प्रत्येक टप्प्याला प्रोग्रॅम सांगतो की नेहमीच्या मापापेक्षा किती ओळी जास्त किंवा कमी. एक जास्त, तर अधिक एक. एक कमी, तर उणे एक. हा आकडा काकांनी सगळ्यात छोट्या खणात ठेवला होता, कारण त्यांच्या काळी कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा महाग होती. आता हा छोटा खण थोरलीला दिला, तर ती त्यात अधिकही धरते आणि उणेही. धाकटी ज्या घरातून आली तिथे या खणात उणे नसतंच. सांगितलं तर धरतील, पण न सांगता नाही. तिला उणे एक दिलं, की शून्याच्या मागे जायच्या ऐवजी ती फिरून खणात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाते, दोनशे पंचावन्नवर. एक ओळ कमी विणायच्या ऐवजी दोनशे पंचावन्न जास्त. रेफ्रीचा पाय आटलेला, म्हणून जवळजवळ प्रत्येक टप्प्यात उणे. म्हणून अजगर.

"पण आधी चाचणी केली होती ना?" मावशी म्हणाली. "तेव्हा तर सुरेख आला होता."

"माप कुणाच्या पायाचं होतं?"

सगळ्यांनी दादाच्या पायाकडे पाहिलं. दादा ताडमाड आहे. त्याच्या मापात सगळं अधिकच, उणे औषधालाही नाही.

"म्हणजे चूक माझ्या पायाची," दादा म्हणाला.

"पायाची नाही. थोरलीला उणे न सांगता कळायचं, म्हणून ते कुणी कुठे लिहिलंच नाही. जिच्यावर सगळं घर उभं असतं ती गोष्ट सांगायची राहते, दादा. धाकटीने मनकवडं तरी किती असावं?"

दादाला उपाय लगेच सुचला. त्याला उपाय नेहमी लगेच सुचतात, आणि म्हणूनच भीती वाटते. धाकटीसाठी प्रोग्रॅमची वेगळी कॉपी काढायची आणि त्यात आकडा फार मोठा दिसला की वजाबाकी करून टाकायची. चहा गार व्हायच्या आत काम संपतं.

"आणि उद्या मी काही सुधारलं, तर ते दोन्ही कॉप्यांत करायचं? मधलीला धरून तिन्हींत? आणि चौथी आली तर?"

"चौथी येईल तेव्हा बघू."

"तिसरी येताना हेच म्हणाला होतास."

"बाई, माणसाला रविवारी पळायचंय!"

रेफ्री कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. आम्ही दोघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. सवयीने तो उठून उभा राहिला.

"मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण गवतावर आम्ही एक बूट घालतो, मातीवर दुसरा. ऑफसाइड मात्र दोन्हीकडे तोच. मातीवर ऑफसाइड वेगळा करायला लागलात, तर मला शिट्टी कुठे वाजवायची तेच कळणार नाही."

"तुम्हाला तसंही कुठे कळतं," दादा पुटपुटला.

"बूट वेगळे, ऑफसाइड एक," मावशी म्हणाली. "शहाणे, लाग कामाला. पण दुपार म्हणजे दुपार."

शुक्रवारी मी काकांच्या दोन्ही ओळी आणि दादाने दिलेली तिसरी काढून टाकली. काका खिडक्या चोरीला गेल्यासारखे बघत राहिले. त्याजागी मी प्रत्येक मशीनला तिची स्वतःची एक छोटी फाइल दिली, फक्त तिच्या ऑप्शनची. काम सुरू होताना बिल्ड (म्हणजे कंपायलरकडून प्रोग्रॅम तयार करून घेणारं सगळं तंत्र) आधी विचारतं, तू कोण, आणि जी असेल तिची फाइल उघडतं. हाताने उघड-झाक बंद. मग त्या फाइलीतला प्रत्येक ऑप्शन देण्याआधी कंपायलरला एक चिमुकला प्रोग्रॅम देऊन विचारायचं, बाई, हे तुला समजतं का? सोयीची गोष्ट असेल आणि समजत नसेल, तर सोडून द्यायची, पण तसं मोठ्या अक्षरात सांगून. गरजेची असेल आणि समजत नसेल, तर जागच्या जागी थांबायचं. शब्द काढत काढत गप्प बसवायचं नाही.

थोरलीला विचारलं, तिने काहींना हो म्हटलं, काहींना नाही. धाकटीनेही तसंच. मधलीने सगळ्याला हो म्हटलं.

मला शंका आली. मधलीच्या घरची बोलायची पद्धतच वेगळी, थोरलीचे ऑप्शन तिला कळायचं कारण नाही. मी तिला थोरलीच्या प्रोसेसरचं नाव दिलं. हो म्हणाली. मग मी स्वतःच एक ऑप्शन तयार केला: मांजर आण.

हो म्हणाली.

काकांनी टेबलाखाली बघितलं. "आणलं का?"

"मधल्या अशाच असतात," मावशी दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "मी मधली आहे, मला विचार. सगळ्यांना हो म्हणायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं."

मी मधलीचं उत्तर पुन्हा नीट ऐकलं. हो म्हणताना ती खालच्या आवाजात एक वाक्य टाकत होती: अनोळखी ऑप्शन, दुर्लक्ष केलं. म्हणजे तिचा हो नुसता ऐकून चालणार नव्हता, पुटपुटणंही ऐकायला हवं होतं. पुटपुटली, तर ते नाही समजायचं. तसं लिहिलं. शिवाय तेव्हापासून आमच्या बिल्डमध्ये प्रत्येक मशीनला पहिला प्रश्न मांजराचाच असतो. मांजराला जी साधा, स्वच्छ हो म्हणेल, तिच्या बाकीच्या होकारांवर विश्वास ठेवायचा नाही.

मग मी माझ्या भागात त्या छोट्या खणावर स्वच्छ लिहिलं की यात उणेही राहील, आणि चाचणीसाठी एका काल्पनिक पायाचं माप बनवलं. सगळ्याच टप्प्यांत आखूड, कुठेही अधिक नाही. काकांनी त्याचं नाव ठेवलं 'पाहुणा'. सूत लावण्याआधी पाहुण्याच्या मोज्याचा हिशेब प्रत्येक मशीनने करून दाखवायचा, उत्तर चुकलं तर विणायचं नाही.

शनिवारी सकाळी थोरलीने पाहुणा बरोबर सोडवला. पट्टा मोडला असला तरी तिचं डोकं शाबूत आहे. मधलीनेही सोडवला. धाकटीच्या हिशेबात पाहुण्याचा मोजा वर्कशॉपच्या बाहेर गेला.

"झालं!" दादा म्हणाला. त्याने वजाबाकीची कॉपी तयार ठेवली होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. "आता माझं घालू?"

"नाही."

"अगं पण..."

"दादा, तू सूत लाव. पांढरं. मी येते."

आता पाहुणा पहिल्या काही टप्प्यांत ठीक होता, बिघडत होता तो पायाच्या निमुळत्या टोकाशी. टोकाचा भाग काकांनी फार पूर्वी लिहिला होता आणि त्याला कुणी हात लावत नसे, काकासुद्धा. मी फाइल उघडली. छोटे खण जागोजाग, मुंग्यांसारखे. कुठेही उणे लिहिलेलं नाही.

"हे सगळं बदलायचं म्हटलं तर आठवडा जाईल," काका म्हणाले. आवाज पडला होता. "बाळा, तेव्हा मला वाटलं नव्हतं की दुसरं मशीन येईल."

"आज नाही बदलायचं, काका. हळूहळू बदलू. आज धाकटीला सांगू."

यासाठीच तर ऑप्शन असतो. धाकटीच्या फाइलीत मी एकच ओळ वाढवली: छोट्या खणात उणे धर. तिच्यापुढे लिहिलं, गरजेची. थोरलीच्या फाइलीतही तीच लिहिली, तिला न सांगता कळत असलं तरी. रागवायची असेल तर रागवू दे. मधलीच्या घरी तेच सांगायला वेगळा शब्द लागतो की मुळीच लागत नाही, ते शोधलं. लागत नव्हता, आणि तसंही लिहून ठेवलं.

धाकटीला मांजराचं विचारलं. नाही म्हणाली. शाबास. उणे धरशील का विचारलं. हो म्हणाली, आणि पुटपुटली नाही. पाहुणा आला, आखूडच्या आखूड. तिघींची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली, तर ओळ न् ओळ सारखी.

"सूत," मी म्हणाले.

दादाने सूत लावलंच होतं. त्याचा हा गुण आहे, भांडतो पण सूत लावून भांडतो.

मोजा बाहेर यायला लागला. कुणी चहा केला नाही. तो टेबलाच्या कडेपर्यंत आला, आणि मावशीने दाराकडे पाहिलं. तेवढ्यात मशीन थांबलं. मावशीने मोजा उचलला, पालथा केला, टोकापर्यंत मूठ घालून बघितला, टेप लावला आणि काही न बोलता रेफ्रीला दिला. मावशीकडून याहून मोठं कौतुक मिळत नाही. मी परीक्षेत पहिली आले होते तेव्हा ती खोकली होती.

रेफ्रीने मोजा चढवला, वर पाय चढवला, आणि वर्कशॉपला फेरी मारली. मग दुसरी मारली. वळताना थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"शोधतोय."

"काय?"

"मोजा कुठाय ते. लागतच नाहीये."

तो पळतच बाहेर गेला आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आला. समोरच्या दुकानदाराला वाटलं चोर आहे, तोही मागे पळाला. दुकानदार आधी दमला.

रविवारी आम्ही सगळे मैदानावर गेलो. समितीतले तिघे एका बाकावर बसले होते, आणि शेजारी ती खुर्ची, गादीसकट. रेफ्री पळाला. समितीने एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा पळायला सांगितलं. बहुधा त्यांना पहिल्यांदा नक्की कुठला पाय खोटा ते कळलं नव्हतं. तो पुन्हा पळाला. मग अध्यक्ष स्वतःच त्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि आम्हाला निकाल कळला.

दुपारचा सामना सुरू झाला, आणि थोड्याच वेळात शिव्याही.

"ए रेफ्री, डोळे घरी विसरलास का?"

"चष्मा घाल, चष्मा!"

"आंधळ्या, हात लागला की त्याचा!"

मी कान देऊन ऐकत होते. डोळ्यांवर बोलत होते, अकलेवर बोलत होते, एकाने तर विकला गेलास का असंही विचारलं. पायावर कुणी एक अक्षर काढलं नाही. रेफ्रीचा चेहरा नुसता फुलला होता. इतक्या आनंदाने शिव्या खाणारा माणूस मी पाहिला नाही.

उत्तरार्धात त्याने एक उघडउघड पेनल्टी नाकारली. निदान मावशीला तरी ती उघडउघड दिसली. ती ताडकन उठली.

"अहो साहेब! ही पेनल्टी नाही तर काय आहे? मैदानात झोपा काढायला गेलात का?"

"आई," दादा म्हणाला, "आपलं गिऱ्हाईक आहे ते."

"गिऱ्हाईक पायापुरतं! डोक्याचं काही माप घेतलं नाही मी!" आणि परत मैदानाकडे, "शिट्टी वाजवायला येत नसेल तर इकडे द्या, मी वाजवते!"

रेफ्री मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होता. त्याने मान वळवली, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि आमच्या दिशेने पळत सुटला. खेळाडू बाजूला झाले. तो वेग न सोडता सगळं मैदान आडवं कापून आला, रेषेवर गचकन थांबला आणि मावशीसमोर हात उंच करून कार्ड धरलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मावशीने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली वाकून त्याच्या डाव्या पायाकडे बघत होती.

"घसरला नाही बघ," ती मला म्हणाली, आणि खोकली.